वाचकांचे प्रश्न : घरच्या शाळेत अमेरिकन साहित्य

प्रश्न : आम्ही व्हर्जिनियात राहतो आणि मुलीला आठवीपासून घरीच शिकवतो. गणित आणि विज्ञान मी व माझे पती मिळून पाहतो. त्यात कधी अडचण आली नाही. येत्या ऑगस्टपासून ती अकरावीचा अभ्यास सुरू करील आणि त्या वर्षी इंग्रजीत अमेरिकन साहित्य घ्यायचे ठरले आहे. मी तीन अभ्यासक्रम-संच पाहिले. एकात प्रत्येक पाठ बायबलमधील वचनाने सुरू होतो, दुसऱ्यात वर्षभरात अठरा पुस्तके आहेत आणि तिसऱ्यात उताऱ्यांचे एकच जाडजूड पुस्तक आहे. माझे शालेय शिक्षण मराठी माध्यमातून आणि पुढचे अभियांत्रिकीत झाले. यांतील बहुतेक लेखक मी वाचलेले नाहीत. निवड कशी करावी? — एक आई, व्हर्जिनिया

उत्तर : आपण तिन्ही संच पुस्तकांच्या यादीवरून तोलून पाहिले आहेत. बहुतेक पालक तसेच करतात. माझ्या मुलीच्या अकरावीच्या वर्षी मीही तेच केले होते. यादी भारदस्त होती, छपाई देखणी होती आणि प्रत्येक प्रकरणाखाली पंधरा-वीस प्रश्न होते. वर्ष संपता संपता माझ्या लक्षात आले की, कोणत्या पात्राने कोणाला काय सांगितले याची शेकडो उत्तरे मुलीने अचूक लिहिली आहेत. परंतु स्वतःचे एक मत मांडून ते तीन पाने पेलून नेणारा एकही निबंध तिच्या वहीत नाही. प्रकाशकाने फसवले असे मी म्हणणार नाही. नमुन्याची पाने मी आधी चाळली होती. त्यांत काय शोधायचे एवढेच मला ठाऊक नव्हते.

या विषयाच्या शालेय याद्या एकमेकींच्या बहिणी शोभाव्यात इतक्या सारख्या असतात. हॉथॉर्नची ‘द स्कार्लेट लेटर’ (१८५०), थोरोच्या ‘वॉल्डन’मधील (१८५४) काही प्रकरणे, व्हिटमन आणि एमिली डिकिन्सन यांच्या कविता, मार्क ट्वेनची ‘हकलबेरी फिन’, फिट्झजेराल्डची ‘द ग्रेट गॅट्सबी’ (१९२५) आणि आर्थर मिलरचे एखादे नाटक हा गाभा जवळजवळ सर्वत्र आढळतो. अमेरिकेत १९२९ पर्यंत प्रकाशित झालेली पुस्तके आता स्वामित्वहक्कातून मोकळी झाली आहेत. त्यामुळे वरच्या यादीतील मिलर वगळता बाकी सगळे प्रोजेक्ट गुटेनबर्ग या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येते आणि मिलर सार्वजनिक ग्रंथालयात मिळतो. याचा अर्थ असा की, संचाची किंमत आपण पुस्तकांसाठी मोजत नाही. आठवड्यांची आखणी, विचार करायला लावणारे प्रश्न, लेखनाची कामे आणि ते लेखन तपासताना आपल्याला मिळणारी मदत यांसाठी ती मोजलेली असते. या चार गोष्टींपैकी शेवटच्या दोन दुबळ्या असतील, तर यादीत अठरा पुस्तके असोत की अठ्ठावीस, संच घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

म्हणून नमुन्याची पाने उघडली की थेट लेखनाचे काम शोधावे. ‘द स्कार्लेट लेटर’ची नायिका हेस्टर प्रिन हिच्या पोशाखावरील अक्षर कोणत्या रंगाचे होते, हा प्रश्न वाचन झाले की नाही एवढेच तपासतो. त्या अक्षराचा अर्थ गावकऱ्यांच्या दृष्टीने कसा बदलत जातो आणि स्वतः हेस्टरच्या दृष्टीने तो तसाच बदलतो का, हा प्रश्न मुलीला पुस्तकाकडे परत जायला लावतो. दुसऱ्या प्रकारचे प्रश्न आहेत का, निबंधाचा पहिला खर्डा लिहून तो सुधारण्यासाठी वेळ राखून ठेवला आहे का आणि वर्षात असे पाच-सहा निबंध व एक संदर्भासह लिहिलेला दीर्घ लेख होतो का, हे पाहावे. त्यानंतर शिक्षकासाठीची पुस्तिका उघडावी. तिच्यात केवळ ‘अपेक्षित उत्तरे’ असतील, तर तुमची मुलगी वेगळे परंतु योग्य उत्तर लिहील त्या दिवशी आपण अडून बसाल. मूल्यमापनाचे निकष शब्दांत मांडलेले असतील आणि शक्य तर एक कच्चा व एक चांगला निबंध शेजारी शेजारी छापलेला असेल, तर ती पुस्तिका आपल्यासारख्या पालकाच्या खरोखर उपयोगाची आहे.

साहित्य वाचलेले नाही म्हणून आपण स्वतःला अपात्र ठरवू नये. मराठी माध्यमाच्या शाळेत आपण कवितेचे रसग्रहण लिहिले असेल आणि ‘संदर्भासह स्पष्टीकरण करा’ या प्रश्नाला हमखास उत्तर दिले असेल. एका ओळीपाशी थांबून ती कोणी, कोणाला, कशासाठी म्हटली आहे हे सांगणे हीच इथल्या सूक्ष्म वाचनाची पहिली पायरी आहे. फरक पुढे पडतो. आपल्या रसग्रहणाचा सूर बहुधा कौतुकाचा असे आणि कवीने किती सुंदर कल्पना केली आहे यावर ते संपत असे. इथल्या निबंधात कौतुकाला गुण नाहीत. ज्यावर कोणी वाद घालू शकेल असे एक प्रतिपादन पहिल्याच परिच्छेदात मांडून पुस्तकातील शब्दांच्या आधारे ते सिद्ध करायचे असते. हा फरक एकदा मुलीशी बोलून घेतला, की तपासण्याचे निम्मे काम सोपे होते. काही आठवड्यांत तर पारडे आपल्याच बाजूला झुकेल. एमर्सनची ‘ब्रह्म’ ही १८५७ मध्ये प्रसिद्ध झालेली कविता वाचताना गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील ‘य एनं वेत्ति हन्तारम्’ हा श्लोक आपल्याला आठवेल, आणि एलियटच्या ‘द वेस्ट लँड’च्या (१९२२) शेवटी बृहदारण्यक उपनिषदातील ‘द’काराची गोष्ट येते तेव्हा ती तळटिपेतून समजून घेण्याची पाळी तुमच्या मुलीवर येणार नाही.

बायबलच्या वचनाविषयी दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळू नयेत. आबेका आणि बीजेयू प्रेस हे उघडपणे ख्रिस्ती भूमिकेतून लिहिणारे प्रकाशक आहेत आणि ते तसे सांगतातही. नॉटग्रासच्या ‘एक्स्प्लोरिंग अमेरिका’मध्ये तर इतिहास, इंग्रजी आणि बायबल या तीन विषयांची तीन क्रेडिट (क्रेडिट म्हणजे वर्षभराच्या एका विषयाचे एकक) एकत्र गुंफलेली आहेत. आपल्याला ती भूमिका नको असेल, तर असा संच घेऊन त्यातील पाने गाळत बसण्याचा उपद्व्याप करू नये, कारण लेखकांची निवड आणि प्रश्नांचा रोखही त्या भूमिकेतूनच आलेला असतो. ओक मेडोसारखे धर्मनिरपेक्ष प्रकाशकही आहेत. तथापि, बायबल हा ग्रंथ मुलीने वाचूच नये असे ठरवले, तर अमेरिकन साहित्याचे पहिले तीनशे वर्षांचे दालन तिला अर्धेच उघडेल. प्युरिटन नेता जॉन विन्थ्रॉप याच्या १६३० मधील प्रवचनातले ‘डोंगरावरचे नगर’ मॅथ्यूच्या शुभवर्तमानातून आले आहे, मेल्व्हिलच्या ‘मोबी-डिक’मधील इश्माएल आणि एहॅब या पात्रांची नावे जुन्या करारातील आहेत, आणि गुलामगिरीतल्या कृष्णवर्णीयांच्या गीतांत मोझेस व इजिप्त का येतात हे निर्गमनाची, म्हणजे मोझेस आपल्या लोकांना इजिप्तच्या गुलामगिरीतून बाहेर नेतो ती, कथा माहीत असल्याखेरीज कळत नाही. ‘रामायण’ ठाऊक नसताना मराठी कविता वाचावी, तशी ती गत होते. म्हणून उत्पत्ती आणि निर्गमन यांतील काही अध्याय, योनाची छोटी कथा, ईयोबाच्या पुस्तकाचा काही भाग आणि डोंगरावरील प्रवचन एवढे साहित्य म्हणून पहिल्या दोन आठवड्यांत वाचून घ्यावे. धर्मशिक्षणाशी त्याचा संबंध नाही.

अठरा पुस्तके की उताऱ्यांचा ग्रंथ, या प्रश्नावर माझा कल मधल्या मार्गाकडे आहे. सहा किंवा सात पुस्तके पूर्ण वाचावीत आणि उरलेल्या जागी कविता, कथा, भाषणे व उतारे घ्यावेत. ‘एक्सलन्स इन लिटरेचर’ या मालिकेतील अमेरिकन साहित्याचा भाग साधारण अशाच बेताचा आहे: चार-चार आठवड्यांचे नऊ घटक, प्रत्येक घटकात एक मुख्य कृती आणि तिच्याभोवतीचे संदर्भवाचन, आणि सूचना थेट विद्यार्थ्याला उद्देशून लिहिलेल्या. ज्यांच्या मुलांना स्वतःचे वेळापत्रक सांभाळता येते त्यांना ती मानवते. ज्यांना रोज कोणीतरी ‘आज एवढे’ म्हणून सांगावे लागते त्यांना ती जड जाते. ‘मोबी-डिक’सारखी १३५ प्रकरणांची कादंबरी एखाद्या यादीत पूर्ण वाचायला सांगितली असेल, तर यादी करणाऱ्याने मुलांपेक्षा स्वतःच्या प्रतिष्ठेचा विचार केला आहे असे खुशाल समजावे. मेल्व्हिलची ‘बार्टलबी’ ही दीर्घकथा एका आठवड्यात वाचून होते आणि तिच्यावर महिनाभर बोलता येते.

यादीत कोण नाही, हेही पाहावे. १८०० ते १९०० या शतकावरचा संच असूनही त्यात गुलामगिरीतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लसचे १८४५ चे आत्मकथन किंवा हॅरिएट जेकब्जचे १८६१ चे आत्मकथन नसेल, तर गुलामगिरीचा, म्हणजे त्या शतकातला सर्वांत मोठा प्रश्नच बाहेर ठेवला गेला आहे. विसाव्या शतकासाठी लँग्स्टन ह्यूज, झोरा नील हर्स्टन, राल्फ एलिसन, टोनी मॉरिसन या कृष्णवर्णीय लेखकांपैकी कोणीतरी आणि किओवा जमातीचे लेखक एन. स्कॉट मोमाडे यांच्यासारखा मूलनिवासींचा आवाज हवाच. डग्लस वाचताना घरी आणखी एक गोष्ट करता येईल. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केले होते. मुलीला मराठी वाचता येत असेल तर तिला ती अर्पणपत्रिका स्वतः वाचू द्यावी, नाहीतर आपण वाचून दाखवावी; दीर्घ लेखाचा विषय तिला बहुधा तिथेच सापडेल.

राहिला तपासणीचा प्रश्न. पालकाने प्रत्येक निबंध स्वतःच तपासावा असा नियम नाही. वर्षातले दोन-तीन निबंध को-ऑपमधल्या, म्हणजे घरी शिकवणाऱ्या पालकांच्या गटातल्या, एखाद्या जाणत्या पालकाकडून किंवा लेखनाचे वर्ग घेणाऱ्या शिक्षकाकडून तपासून घ्यावेत. संचावर खर्च करायची रक्कम थोडी कमी करून ती इकडे वळवली तर अधिक फळते. आणि निर्णयाची घाई नसावी. व्हर्जिनियात १५ ऑगस्टपर्यंत घरी शिकवणार असल्याची जी सूचना शाळा-विभागाकडे द्यायची असते, तिच्यात अभ्यासक्रमाचे वर्णन म्हणून केवळ विषयांची यादी मागितली जाते. संचाचे नाव लिहावे लागत नाही, त्यामुळे सप्टेंबरात एखादा संच मानवला नाही तर तो बदलायला आपण मोकळ्या आहात.

प्रश्न : ‘हकलबेरी फिन’मध्ये कृष्णवर्णीयांसाठीचा अपमानकारक शब्द पानोपानी येतो. आमचा मुलगा पंधरा वर्षांचा आहे. ही कादंबरी वगळली तर अभ्यासक्रम अपुरा राहील का? — एक वडील, नॉर्थ कॅरोलायना

उत्तर : अपुरा राहणार नाही. ही कादंबरी अमेरिकेत १८८५ मध्ये प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्समधील कॉन्कर्डच्या ग्रंथालयाने ती काढून टाकली. मात्र तेव्हाचा आक्षेप तिच्या गावंढळ भाषेला आणि उनाड नायकाला होता. आजचा आक्षेप वेगळा आहे आणि तो अधिक गंभीर आहे. तो शब्द पुस्तकात दोनशेहून अधिक वेळा येतो. २०११ मध्ये त्याच्या जागी ‘गुलाम’ हा शब्द घातलेली आवृत्ती निघाली, पण मला ती पसंत नाही. ज्या समाजाची खोड लेखकाने त्याच्याच तोंडून उघडी पाडली, त्या समाजाचे तोंड धुऊन काढल्यासारखे ते होते.

वाचायची असेल तर ती पहिली वाचू नये. आधी डग्लसचे आत्मकथन वाचून झालेले असावे, म्हणजे गुलाम केलेल्या माणसाचा स्वतःचा आवाज मुलाच्या कानात असेल आणि ट्वेनचा पळून निघालेला गुलाम जिम त्याला त्या मापाने मोजता येईल. मोठ्याने वाचताना तो शब्द उच्चारायचा नाही, हे घरात आधीच ठरवावे. तसेच कादंबरीच्या शेवटच्या प्रकरणांत हकचा मित्र टॉम सॉयर परत येतो आणि जिमच्या सुटकेचा खेळ होतो, तो भाग लेखकाचा घसरलेला तोल आहे की जाणूनबुजून केलेला उपहास, यावर मुलाकडून निबंध लिहून घ्यावा. या पुस्तकावर विचारण्यासारखा याहून चांगला प्रश्न मला सापडलेला नाही. पर्सिव्हल एव्हरेट यांची ‘जेम्स’ (२०२४) ही कादंबरी हीच कथा जिमच्या तोंडून सांगते आणि तिला २०२५ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले आहे. दोन्ही कादंबऱ्या लागोपाठ वाचता आल्या तर फारच छान, परंतु दुसरीतही हिंसा आहे, तेव्हा आपण ती अगोदर वाचलेली बरी.

प्रश्न : मुलाचा सगळा ओढा संगणकाकडे आहे. वाचन फार संथ. दोनशे पानांची कादंबरी संपवायला दीड महिना लागतो. बाजारातील प्रत्येक संच त्याच्या आवाक्याबाहेरचा वाटतो. — एक आई, टेक्सास

उत्तर : टेक्सासमध्ये आपल्यावर यादी किंवा अहवाल सादर करण्याचे बंधन नाही, तेव्हा पुस्तकांची संख्या ठरवणे सर्वस्वी आपल्या हाती आहे. आणि सुदैवाने हा विषयच असा आहे की तो छोट्या कृतींवर उभा करता येतो. लघुकथा हा प्रकार अमेरिकन लेखकांनी मनापासून जोपासला. पो, हॉथॉर्न, केट शोपँची दोन-तीन पानांत संपणारी ‘द स्टोरी ऑफ अॅन अवर’ (१८९४), शार्लट पर्किन्स गिलमनची ‘द यलो वॉलपेपर’ (१८९२), हेमिंग्वे, फॉक्नर आणि अखेरीस झुंपा लाहिरी यांच्या ‘इंटरप्रीटर ऑफ मॅलडीज’मधील (१९९९) कथा, असा पूर्ण वर्षाचा प्रवास कथांमधूनच होऊ शकतो. संथ वाचणारा मुलगा कविता बहुधा चांगली वाचतो, कारण तिथे संथपणाच कामी येतो. डिकिन्सनची आठ ओळींची कविता त्याला एक पूर्ण दिवस द्यावी.

नाटके घरच्यांनी पात्रे वाटून घेऊन मोठ्याने वाचावीत. लोरेन हॅन्सबेरीचे ‘अ रेझिन इन द सन’ (१९५९) एका बिऱ्हाडातच घडते आणि पैसे कशासाठी वापरायचे यावरून त्यात जो वाद होतो तो कोणत्याही घरात होण्यासारखा आहे. कादंबरी एकच घ्यावी, पण ती पूर्ण वाचावी. ‘गॅट्सबी’ची नऊच प्रकरणे आहेत, आठवड्याला एक याप्रमाणे वाचली तर दोन महिने पुरतात, आणि लिब्रिव्हॉक्सवरील विनामूल्य ध्वनिमुद्रण कानाशी व पुस्तक डोळ्यांसमोर ठेवून वाचले तर वेगही थोडा वाढतो. केवळ ऐकून पुस्तक ‘वाचले’ असे मात्र धरू नये, कारण निबंधासाठी त्याला नेमकी ओळ शोधून काढावी लागणार आहे.

एक वेगळी शंका बोलून दाखवतो. संथपणा सर्वच वाचनात असेल, संगणकावरच्या सूचना वाचतानाही असेल आणि पूर्वीपासून असेल, तर अभ्यासक्रम बदलण्याआधी वाचन-अक्षमतेची तपासणी करून घ्यावी. एसएटी (महाविद्यालय-प्रवेशासाठीची) किंवा एपी (शाळेतच केलेल्या महाविद्यालयीन पातळीच्या अभ्यासाची) परीक्षेत जास्तीचा वेळ हवा असल्यास त्यासाठी या परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाकडे आधी अर्ज करावा लागतो आणि त्याला कागदपत्रे लागतात.

प्रश्न : मुलीने वर्षभर अमेरिकन साहित्य मन लावून वाचले. ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे शालेय गुणपत्रकावर, त्याची नोंद कशी करावी? ‘एपी’ असे लिहिले तर चालेल का? — एक वडील, पेनसिल्व्हेनिया

उत्तर : ‘एपी’ हे नाव कॉलेज बोर्डाचे आहे. आपला अभ्यासक्रम त्यांच्याकडे पाठवून मंजूर करून घेतला असेल तरच ते ट्रान्सक्रिप्टवर वापरता येते. पालकांनाही तशी मंजुरी मागता येते. मंजुरी नसली तरी परीक्षेला बसता येते आणि गुण स्वतंत्रपणे कळवता येतात. परीक्षा मे महिन्यात होते, परंतु परीक्षेला बसू देणारी शाळा आणि नोंदणी ही कामे त्याआधीच्या शरद ऋतूतच उरकावी लागतात. इथे एक गैरसमज मी वारंवार पाहतो: एपीमध्ये ‘अमेरिकन साहित्य’ नावाचा विषयच नाही. एक परीक्षा साहित्याची आहे, तीत केवळ अमेरिकन लेखक नसतात, आणि दुसरी भाषेची आहे, तिचा भर ललितेतर गद्यावर असतो. अमेरिकन साहित्य याच नावाची परीक्षा हवी असेल तर ती क्लेप या महाविद्यालयीन क्रेडिटसाठीच्या परीक्षांमध्ये आहे. मात्र तिचे क्रेडिट कोणते महाविद्यालय देते हे त्या त्या महाविद्यालयाकडे विचारून घ्यावे.

ट्रान्सक्रिप्टवर ‘अमेरिकन साहित्य आणि लेखन’ अशा अर्थाचे साधे इंग्रजी नाव, एक क्रेडिट आणि श्रेणी एवढे पुरेसे आहे. एका क्रेडिटला पूर्वापार सुमारे १२० तासांचे काम धरतात. आठवड्याला चार तास याप्रमाणे ३६ आठवडे केले तर ते सहज भरते. मुलगी खेळाडू असून एनसीएए या महाविद्यालयीन खेळांच्या संघटनेच्या पहिल्या विभागात खेळू इच्छित असेल, तर १६ मूळ विषयांपैकी चार वर्षे इंग्रजीची लागतात आणि घरी शिकवलेल्या प्रत्येक विषयासाठी पुस्तकांच्या नावांसह वेगळा तक्ता भरून द्यावा लागतो, हे आताच लक्षात ठेवावे.

आपल्या राज्यात शाळा पूर्ण केल्याच्या पदविकेसाठी चार वर्षे इंग्रजी सक्तीचे आहेच, आणि वाचलेल्या पुस्तकांची नावे असलेली नोंदवही शिकवतानाच ठेवावी लागते. तीच नोंदवही नीटनेटकी करून तिच्यातून एका पानाचे अभ्यासक्रम-वर्णन तयार करावे: काय वाचले, किती निबंध लिहिले, ते कोणी तपासले. सोबत तीन निबंध जपून ठेवावेत आणि त्यांतल्या एकाचा पहिला, खाडाखोड केलेला खर्डाही फेकू नये. जूनच्या ३० तारखेआधी वर्षाचा अभ्यास पाहणाऱ्या मूल्यमापकांची भेट होईल तेव्हा पहिल्यांदा तोच त्यांच्यापुढे ठेवावा.